घरचा मीडिया सर्व्हर किती वीज खातो : रिकाम्या तासांचा हिशेब

अमळनेरहून एका भाऊंनी विचारले आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (घरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारा मोफत प्रोग्राम) टाकून घरासाठी मीडिया सर्व्हर उभा केला. चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, एक जुने ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा साधा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा), एक लहान एसएसडी (न फिरणारी डिस्क) आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या चार हार्ड डिस्क. लग्नांचे व्हिडिओ, कीर्तने, अहिराणी गाणी, सिनेमे, लेकरांचे फोटो असे सगळे त्यावर आहे आणि मशीन २४ तास चालू असते. तेव्हापासून बिलात महिन्याला ५०-५५ युनिटांची वाढ दिसते. मित्र सांगतो की ४५० वॉट म्हणजे दिवसाला जवळपास ११ युनिट. वायरमनने क्लॅम्प मीटर लावला तर अर्धा अँपिअर आला, म्हणून तो म्हणाला ११५ वॉट. घरात नाना म्हणतात, बंद कर ते. भाऊंचा प्रश्न असा की मिनी पीसी (छोटा, कमी वीज घेणारा संगणक) घ्यावा का, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे यंत्र टिकेल का.

भाऊ, मिनी पीसीचे पैसे आत्ता खिशातच ठेवा. तुमच्या मशीनची वीज सिनेमा दाखवण्यात जात नाही. कोणी काहीच पाहत नसते त्या वीस-एकवीस तासांत ती जाते. म्हणून तपासायच्या गोष्टी दोनच : रिकामे असताना मशीन किती वॉट ओढते आणि असे रिकामे ते किती तास राहते. त्यातली दुसरी गोष्ट बदलायला एक रुपयाही लागत नाही.

आधी मित्राचा आणि वायरमनचा आकडा बाजूला काढू. एसएमपीएसवर छापलेले ४५० वॉट ही त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद आहे. आतले भाग जेवढी मागतील तेवढीच वीज तो सॉकेटमधून घेतो, वर स्वतःचा तोटा. तसेच प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी. तुमच्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप आय-५ वर ८४ वॉट लिहिलेले असते, पण तो आकडा प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना निघणारी उष्णता काढण्यासाठी पंखा कसा निवडायचा हे सांगतो. रिकामा बसलेला तोच प्रोसेसर काही वॉटांवर येतो.

वायरमनची चूक वेगळ्या जागी आहे आणि ती बऱ्याच जणांची होते. क्लॅम्प मीटर फक्त करंट दाखवतो. २३० व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे ११५ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) झाले, वॉट नव्हेत. व्हीएमधला जेवढा भाग खऱ्या वॉटचा असतो तो पॉवर फॅक्टर; साध्या एसएमपीएसमध्ये तो सुधारणारे सर्किट नसते, त्यामुळे कमी लोडवर पॉवर फॅक्टर ०.६ ते ०.६५ इतका खाली असतो. ११५ ला ०.६५ ने गुणले की ७५ वॉट उरतात. घरगुती मीटर वॉटचे युनिट मोजतो, त्यामुळे बिल या ७५ चे येते.

हे ७५ खरे आहेत का, हे तुम्ही घरच्या मीटरवरच बघू शकता. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल एलईडी लुकलुकत असतो आणि शेजारी '३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच' असे काहीतरी छापलेले असते. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सर्व्हर आणि राउटर सोडून घरातले सगळे बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाइलवर मोजा. ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. १५ सेकंद आले तर ७५ वॉट, २५ सेकंद आले तर ४५. मीटरवरचा आकडा १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, दहाबारा मोजून सरासरी काढा. शेवटी राउटर एकटा ठेवून परत मोजा आणि तेवढे वजा करा. सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग मिळाला तर उत्तमच, त्यावर दिवसभराचे युनिट साठत जातात आणि रात्री दोन वाजता मशीन काय करत होते तेही कळते.

तुमच्या वर्णनावरून माझाही अंदाज ७५ च्या आसपासच येतो. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम मिळून रिकामे असताना २५ वॉट. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरत राहिली तर प्रत्येकी साधारण ५, चारच्या २०. ग्राफिक्स कार्ड ८, कॅबिनेटचे पंखे ४. झाले ५७. साधा एसएमपीएस त्याच्या ताकदीच्या १२-१३ टक्क्यांवर चालत असतो, तिथे त्याची कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. ५७ साठी सॉकेटमधून ७५ ओढले जातात. एक वॉट महिनाभर अखंड चालला की ०.७२ युनिट होतो, म्हणजे ७५ वॉटचे ५४ युनिट. तुमच्या बिलातली वाढ नेमकी एवढीच आहे. म्हणजे मीटर बरोबर आहे आणि गळती कुठे नाही, हेही यातून समजले. नानांना सांगायचे तर छताला जुना पंखा रिकाम्या खोलीत रात्रंदिवस फिरत ठेवावा, तेवढी ही वीज आहे. त्यांचे म्हणणे चूक नाही.

आता रुपयांकडे. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. इथे एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो की १०० ओलांडले की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही. पहिल्या १०० ला खालचाच दर राहतो, वरच्या युनिटांना तेवढा वरचा. पहिल्या टप्प्याचा दर पुढच्याच्या साधारण निम्मा असतो. दीपनगरचे औष्णिक केंद्र आपल्या उशाला आणि साक्रीचा सौर प्रकल्प आपल्या अंगणात असला तरी दर राज्यभर महावितरणचा एकच. दरात वहन आकार मिळवायचा, कधी इंधन समायोजन आकार येतो, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे सगळे धरून दुसऱ्या टप्प्यातले युनिट सोयीसाठी १३ रुपयांचे धरू. तुम्ही तुमच्या बिलावरचा आकडा घाला.

समजा, सर्व्हरआधी घरचा वापर ८५ युनिट होता आणि आता १४० च्या घरात गेला. सर्व्हरचे पहिले १५ युनिट खालच्या दरात बसले, उरलेले ३९ वरच्या दरात. मिळून सहाशेच्या आसपास. उन्हाळ्यात कूलर लागला की घर स्वतःच १०० च्या पुढे जाते आणि मग सर्व्हरचे सगळे ५४ युनिट वरच्या दरात पडतात, म्हणजे ७०० रुपये. याचा फायदाही ध्यानात घ्या : वापर कमी केला की बचत वरच्या, महागड्या टोकाकडून सुरू होते. एक आकडा पाठ करून ठेवा. एक वॉट वर्षभर अखंड म्हणजे ८.७६ युनिट, १३ रुपयांच्या दराने ११४ रुपये. पुढे कुठलीही वस्तू लावताना किंवा काढताना हाच आकडा कामाला येतो. ८ वॉटचे ते ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसच्या तोट्यासह १० वॉट पडते, म्हणजे वर्षाला अकराशेच्या पुढे.

कार्ड आजच काढा. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे, त्यात इंटेलचे क्विक सिंकही (व्हिडिओचे रूप बदलणारा खास भाग) आहे आणि एच.२६४ या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या व्हिडिओसाठी जेलीफिन ते वापरू शकते. त्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत, प्लेक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रामवर हीच सोय प्लेक्स पास घेतला तरच मिळते. या पिढीच्या क्विक सिंकला एचईव्हीसी हा नवा व्हिडिओ प्रकार झेपत नाही हे खरे, पण तुमचे जुने कार्डही ते करत असण्याची शक्यता कमी आहे. मग ते फुकट बसून वीज खाते.

ट्रान्सकोडिंगची, म्हणजे बघणाऱ्या यंत्राला चालेल अशा रूपात व्हिडिओ चालताचालता बदलून देण्याची, भीती मात्र लोकांना जरा जास्तच असते. एचईव्हीसीचा १० बिटचा सिनेमा फोनसाठी बदलून द्यायला तुमचा आय-५ पूर्ण जोर लावेल, पंखा ओरडेल, सॉकेटवर १२० वॉट दिसतील. अडीच तासांच्या सिनेमाचे किती झाले? ०.३ युनिट, चार रुपये. त्याच दिवशी बाकीच्या साडेएकवीस तासांत मशीन नुसते बसून १.६ युनिट खाऊन जाते. महिन्यात दहा सिनेमे असे पाहिले तरी ट्रान्सकोडिंगची जास्तीची भर एक-सव्वा युनिटाची. म्हणून केवळ ट्रान्सकोडिंगसाठी नवे मशीन घेणे बिलाच्या हिशेबात बसत नाही. अडकत अडकत चालणे, आवाज आणि मे महिन्यातली गरमी ही कारणे असतील तर ती वेगळी आणि खरी आहेत.

ते टाळायचे असेल तर बहुतेक वेळा ट्रान्सकोडिंगची गरजच काढून टाकता येते. ४के स्मार्ट टीव्ही बहुतेक सगळे एचईव्हीसी स्वतः उलगडतात. जेलीफिनच्या अॅपमध्ये क्वालिटी 'ऑटो'वर असेल तर कधी कधी उगाच बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) कमी करण्यासाठी ट्रान्सकोडिंग सुरू होते. घरच्या वायफायवर ती सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवा. दुसरा गुन्हेगार सबटायटल. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेमधली सबटायटले चित्रांच्या स्वरूपात असतात. ती टीव्हीला दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती व्हिडिओच्या चित्रातच छापून ('बर्न इन') देतो, आणि तेवढ्यासाठी अख्खा सिनेमा नव्याने एन्कोड करतो. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे अक्षरांची सबटायटल फाइल वापरा. मराठी सबटायटले काही टीव्हींवर चौकोनी डब्यांसारखी दिसतात. त्यावर उपाय म्हणून 'बर्न इन' चालू केलेले असेल तर आधी देवनागरी फाँट असलेले दुसरे अॅप किंवा साधी अँड्रॉइड टीव्हीची स्टिक लावून बघा.

खरे काम हार्ड डिस्कवर आहे. चार डिस्क रात्रंदिवस फिरतात आणि एका वेळी त्यातल्या एकीचेच काम असते. झोपलेली डिस्क एक वॉटच्या आत येते. लिनक्सवर एचडीपार्म या आज्ञेने झोपेची वेळ ठरवता येते. तिथे २४१ ही किंमत दिली की ३० मिनिटे, २४२ दिली की एक तास. काही डिस्क ही आज्ञा पाळत नाहीत, त्यांच्यासाठी एचडी-आयडल हा छोटा प्रोग्राम चालतो. विंडोज असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ असते. पाच मिनिटांसारखी हावरी वेळ ठेवू नका. सिनेमा थांबवून कोणी जेवायला उठले की डिस्क झोपेल, परत आल्यावर जागी होईल, आणि असे दिवसात वीस वेळा होणे तिच्या मोटरला चांगले नाही. अर्धा ते एक तास ठेवा. मग दिवसातून दोन-चार वेळाच उठबस होते, त्याने डिस्कचे आयुष्य कमी होत नाही. उठताना दहा सेकंद थांबावे लागते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिमोट आपटला जातो.

झोपेची वेळ लावूनही डिस्क झोपत नाही, ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते. त्यामागे नेहमी कोणीतरी तिला हलवत असते. जेलीफिनचा डेटाबेस, पोस्टरची चित्रे, लॉग, तात्पुरत्या ट्रान्सकोडच्या फाइली हे सगळे एसएसडीवर हलवा, हार्ड डिस्कवर फक्त व्हिडिओ आणि फोटो राहू द्या. लायब्ररी स्कॅन दर काही तासांनी लागलेला असतो, तो दिवसातून एकदा, आणि तोही तुम्ही जागे असण्याच्या वेळेत ठेवा. सिनेमा पुढे ढकलताना दिसणारी छोटी चित्रे काढण्याचे काम प्रोसेसर आणि डिस्क दोन्हींना तासन्‌तास जागे ठेवते. ती सोय नको असेल तर बंद करा. डिस्कची तब्येत तपासणारा स्मार्टडी दर अर्ध्या तासाने झोपलेल्या डिस्कला उठवतो. त्याला 'झोपली असेल तर सोड' असे सांगण्याचा पर्याय आहे, तो लावा. विंडोजवर इंडेक्सिंग आणि अँटिव्हायरस हेच करतात. टोरेंट चालू असेल तर डिस्क कधीच झोपणार नाही, हे गृहीत धरा, किंवा त्याची जागा एसएसडीवर करा.

रेडचा (अनेक डिस्क जोडून एक साठा करण्याचा) मुद्दाही इथलाच. चारही डिस्क मिळून रेड-५ किंवा झेडएफएसचा एक साठा केला असेल तर एक गाणे वाजवायला चारही उठतात. घरच्या सिनेमांसाठी मी रेड सुचवत नाही. प्रत्येक डिस्क सुटी ठेवून वरून मर्जरएफएस या प्रोग्रामने एकत्र दाखवा, म्हणजे सिनेमा ज्या डिस्कवर आहे ती एकच फिरेल. फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ परत मिळणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात, वायर काढून ठेवा. ती प्रत वीजही खात नाही आणि वीज पडली तरी वाचते.

आणि चार डिस्क हव्याच का, हेही बघा. ५०० जीबी, दोन १ टीबी आणि एक २ टीबी असा संच मला ठिकठिकाणी दिसतो. सगळे मिळून एकाच ८ टीबीच्या डिस्कमध्ये मावते आणि ती एकटी फिरताना तेवढेच ५ वॉट घेते. शिवाय दहा वर्षे फिरलेली ५०० जीबीची डिस्क लग्नाच्या व्हिडिओसाठी भरवशाची राहिलेली नसते. नवे काही घ्यायचेच असेल तर पहिला खर्च इथे करा.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरच्या सी-स्टेट, म्हणजे रिकाम्या वेळच्या झोपेच्या पायऱ्या, चालू आहेत का पाहा. जुन्या बोर्डांवर त्या अर्धवट बंद असतात. लिनक्सवर पॉवरटॉप हा प्रोग्राम चालवला की प्रोसेसर कितपत खोल झोपतो ते टक्क्यांत दिसते, आणि त्याच्या ऑटो-ट्यूनने बऱ्याच गोष्टी एका फटक्यात जागेवर येतात. तुमच्या पिढीपुरती एक सूचना : चौथ्या पिढीच्या आय-५ ची सी-६ आणि सी-७ झोप इतकी खोल असते की त्या काळच्या काही स्वस्त एसएमपीएसना १२ व्होल्टवरचा तेवढा कमी करंट सांभाळता येत नसे. हे चालू केल्यावर मशीन अधूनमधून आपोआप बंद पडू लागले तर व्हायरस शोधत बसू नका. त्या दोन झोपा परत बंद करा किंवा एसएमपीएस बदला. जास्तीच्या डिस्क जोडायला जुने सॅटा कार्ड लावलेले असेल तर तेही अख्ख्या प्रोसेसरला जागे ठेवू शकते. बोर्डावर सॅटाची जागा शिल्लक असेल तर कार्ड काढून टाका.

एवढे केल्यावर तुमचे मशीन रिकामे असताना ४० वॉटच्या आसपास यायला हवे. ७५ वरून ४०, आणि खर्च शून्य.

आता तासांकडे या, कारण खरी मोठी बचत इथे आहे. तुमच्या घरी सर्व्हर लागतो कधी? संध्याकाळी सहा ते रात्री बारा. दुपारी नानांना कीर्तन ऐकायचे असेल तर तेवढा वेळ आणखी. मग तो सकाळी का चालू असावा? बायोसमध्ये ठरावीक वेळी मशीन सुरू करण्याची सोय असते, 'आरटीसी अलार्म' किंवा तशाच नावाची. रात्री बारा वाजता बंद करण्याची आज्ञा लिनक्सच्या क्रॉनमध्ये किंवा विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावा. मध्येच गरज पडली तर वेक-ऑन-लॅन चालू ठेवा, फोनवरच्या एका अॅपने बटण दाबले की मशीन उठते. बंद असतानाही एसएमपीएस एक-दोन वॉट घेतोच, ते धरा.

हिशेब मांडून बघा. ४० वॉटचे मशीन रोज सहा तास, उरलेले अठरा तास २ वॉट : दिवसाला २७६ वॉट-तास, महिन्याला सव्वाआठ युनिट. दुसरीकडे एन १०० प्रोसेसरचा नवा मिनी पीसी आणि एक हार्ड डिस्क मिळून १५ वॉट, २४ तास चालू : महिन्याला जवळपास ११ युनिट. म्हणजे वेळापत्रक लावलेले तुमचे जुने मशीन अखंड चालणाऱ्या नव्या मिनी पीसीपेक्षा कमी खाते. पुष्कळ जण पंधरा-सोळा हजार घालून मिनी पीसी आणतात आणि तो रात्रंदिवस चालू ठेवतात, ते पाहून मला वाईट वाटते. आपल्या भागात एवढे पैसे सहज येत नाहीत.

मिनी पीसीचा परतावा असा काढा. ७५ वॉटच्या मशीनशी तुलना केली तर ६० वॉट वाचतात, वर्षाला सुमारे ६,८०० रुपये, सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे वसूल. दुकानदार हाच हिशेब दाखवेल. पण ४० वर आणलेल्या मशीनशी तुलना केली तर २५ वॉट वाचतात, वर्षाला २,८५० च्या आसपास, आणि वसुलीला साडेपाच वर्षे. वेळापत्रक लावल्यानंतर तर बचत उरतच नाही. म्हणून आधी ही कामे, मग खरेदीचा विचार, हा क्रम मी सगळ्यांना सांगतो.

तरीही मिनी पीसी घ्यावा अशी दोन कारणे आपल्याकडे आहेत आणि ती बिलावर दिसत नाहीत. एक, व्होल्टेज. अमळनेर, पारोळा, चोपड्याच्या खेड्यांत फीडरच्या टोकाला संध्याकाळी १७०-१८० व्होल्ट येतात. २३० वर बेतलेला स्वस्त एसएमपीएस तिथे कुंथतो, मशीन रीस्टार्ट होते, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना असे झाले की फाइल सिस्टिम बिघडते. मिनी पीसीचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर बिनतक्रार चालतो, स्टॅबिलायझर लागत नाही. दुसरे कारण इन्व्हर्टर. पाऊस तोंडावर आला की रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या करणारे वादळी वारे सुटतात आणि लाइट तासन्‌तास जाते. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तासांची. तिची तब्येत राखायची तर निम्म्यापर्यंतच वापरावी, म्हणजे ९०० हाताशी. ७५ वॉटचा सर्व्हर इन्व्हर्टरचा तोटा धरून तासाला ९०-९५ घेतो. तीन तास लाइट गेली तर त्या ९०० मधला जवळपास तिसरा हिस्सा त्यानेच संपवला, आणि रात्री पंखा बंद पडला की घरातले तुम्हालाच विचारणार. १५ वॉटच्या मशीनची ती अडचण नाही. शिवाय शिसे-अॅसिड बॅटरीत भरलेल्या विजेपैकी साधारण पाव भाग वाया जातो, तो भुर्दंड वेगळा.

सर्व्हर इन्व्हर्टरवर ठेवणार असाल तर इन्व्हर्टरचे मागचे बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला एवढा वेळ लागतो की संगणक बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर चांगले, पॉवर फॅक्टर सुधारणारे एसएमपीएस नीट चालत नाहीत आणि पंखेही गुणगुणतात. इन्व्हर्टर नीट काम करत असेल तर मध्ये आणखी एक ६०० व्हीएचा यूपीएस लावण्यात अर्थ नाही, तो स्वतःच पाच-दहा वॉट रात्रंदिवस गिळतो. राउटरसाठी मात्र १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस जरूर घ्या, स्वस्त आहे आणि खात नाही म्हटले तरी चालेल.

उन्हाळ्याचे विचारलेत. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो आणि दुपारी बंद खोलीत ४० अंश सहज असतात. हार्ड डिस्क खोलीपेक्षा ८ ते १२ अंश जास्त तापते. कंपन्या बहुधा ६० अंशांपर्यंत चालते म्हणतात, पण मी ४५ ला सावध होतो आणि ५० ला मशीन बंद करायला सांगतो. डिस्कचे तापमान स्मार्टच्या माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दिसते. दुपारी तीन वाजता एकदा बघाच. ७५ वॉटचे मशीन त्या खोलीत ७५ वॉटची शेगडीच आहे, आणि ती उष्णता घालवायचे काम कूलरवर पडते. म्हणून वेळापत्रकात दुपार वगळणे हा आपल्याकडे सर्वांत स्वस्त उपाय. दुपारचे कीर्तन फोनवर आधीच उतरवून ठेवता येते.

जागा नीट निवडा. पत्र्याच्या खालच्या माळ्यावर सर्व्हर ठेवू नका, तिथे दुपारी हात लावणेही कठीण असते. धाब्याच्या घरात आतली खोली छान थंड राहते, पण वरून माती झरते. तिथे कॅबिनेटवर कापड टाकू नका, हवा कोंडते, त्याऐवजी वर एक फळी मारा. कूलरच्या झोतासमोर तर अजिबात नको. कूलरची ओली हवा आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डावर पांढरा थर बसवतात. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर कापसाची धूळ महिन्याभरात हीटसिंक बुजवते. मग पंखे जोरात फिरतात, प्रोसेसर तापतो, आणि तापलेली चिप तेवढ्याच कामाला थोडी जास्त वीज घेते. होळीनंतर एकदा आणि जूनमध्ये एकदा ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

गच्चीवर सौर पॅनेल असतील, किंवा पीएम सूर्यघर योजनेतून बसवणार असाल, तर हिशेब थोडा बदलतो. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देते आणि नेट मीटरिंगमुळे रात्रीचा वापर त्यातून वळता होतो. तुमच्या घरी वर्षाअखेर युनिट शिल्लक राहत असतील तर ४० वॉटसाठी जीव टाकण्याची गरज नाही, फक्त उष्णतेसाठी वेळापत्रक ठेवा. पॅनेल अजून बसायचे असतील तर मात्र आधी सर्व्हर खाली आणा. ७५ वॉट अखंड म्हणजे दिवसाला १.८ युनिट, जवळपास अर्ध्या किलोवॉटचे पॅनेल नुसते त्याच्यासाठी.

शेवटी मिनी पीसी घेतलाच तर दोन गोष्टी दुकानातच तपासा. साडेतीन इंची डिस्क त्याच्या आत बसत नाही, ती यूएसबीच्या डब्यात बाहेर लावावी लागते. त्या डब्याचा स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असावा आणि संगणकाने सांगितल्यावर तो डिस्कला झोपू देतो का ते बघा, काही डबे देत नाहीत आणि मग वाचवलेली वीज तिथेच जाते. आणि मिनी पीसी १२ व्होल्टवर चालतो म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीला थेट जोडू नका. चार्जिंगच्या वेळी ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी कन्व्हर्टर लागतोच.